एआयने लिहिलेलं पावसाचं मॉडेल: स्कोअरमधली लबाडी ओळखायची आणि रोखायची कशी

संख्याशास्त्राचे प्रोग्रॅम हल्ली बरेच जण एआयकडून लिहून घेतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रबंध करणारा विद्यार्थी असो, नांदेडला एम.एस्सी. करणारी मुलगी असो की संभाजीनगरात बसून पीक विम्याचे आकडे चाळणारा विश्लेषक असो, पद्धत साधारण सारखीच असते. डेटा द्यायचा, ‘याला बसणारं मॉडेल लिही’ म्हणायचं, आलेल्या मॉडेलचा स्कोअर काढायचा, तो परत एआयला दाखवायचा आणि आणखी चांगलं मागायचं. हे चक्र शंभर वेळा आपोआप फिरवणारी स्क्रिप्ट लिहायला फार वेळ लागत नाही.

अडचण त्या चक्रातच आहे. एआयला पाऊस कळावा अशी आपली अपेक्षा असते, पण आपण त्याला बक्षीस देतो ते स्कोअरचं. पाऊस न कळता स्कोअर वाढवायची पळवाट उघडी असली, की चांगल्या मॉडेलचा हा शोध कधी ना कधी त्या वाटेला लागतो. याला रिवॉर्ड हॅकिंग म्हणतात. यात एआयच्या हेतूचा प्रश्नच नाही. दार आपण उघडं ठेवलेलं असतं, आणि ते बंद करण्याचं कामही आपलंच आहे.

मराठवाड्यात हा विषय मला विशेष गंभीर वाटतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो, कारण कोरडवाहू शेतकऱ्याला दुबार पेरणी परवडत नाही. लबाडीने वर आलेलं मॉडेल अशा सल्ल्याच्या मागे जाऊन बसलं, तर त्याची किंमत लॅपटॉपवाला भरत नाही.

आधी स्कोअर म्हणजे काय ते हाताने काढून बघा

कुठल्याही अवजाराला हात लावण्याआधी कागद घ्या. समजा एका महसूल मंडळाची दहा दिवसांची नोंद आहे. पाऊस सकाळी साडेआठला मोजला जातो, आणि 24 तासांत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर हवामान खातं तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. आपल्या दहांपैकी सहा दिवस पावसाचे, चार कोरडे.

सर्वांत साधं मॉडेल असं: रोज पाऊस पडण्याची शक्यता प, आणि प्रत्येक दिवस स्वतंत्र. प म्हणजे 0.6 धरलं, तर या नेमक्या नोंदीची शक्यता 0.6 सहा वेळा गुणिले 0.4 चार वेळा. गुणाकार फार बारीक येतो म्हणून त्याचा नैसर्गिक लॉग (लॉगॅरिदम) घेतात, तो येतो -6.73. हाच लॉग-लाइकलिहूड, हाच आपला स्कोअर. जितका मोठा, म्हणजे इथे शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. नाणं उडवून ठरवल्यासारखं 0.5 धरलं तर -6.93. आणि ‘प किती ते मला माहीत नाही, 0 ते 1 मधलं काहीही असू शकतं’ असं प्रामाणिकपणे म्हटलं, तर सगळ्या शक्य प वर सरासरी काढून उत्तर येतं 2310 त 1, म्हणजे -7.75.

नवख्यांना हे उलटं वाटतं. माहीत नाही म्हणणाऱ्याला सर्वांत कमी गुण कसे? कारण 0.6 हा आकडा आपण त्याच दहा दिवसांकडे बघून काढला. तो आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून आला असता तर -6.73 वर त्याचा हक्क होता. अनिश्चिततेची किंमत मोजणं हाच या स्कोअरचा गुण आहे, आणि लबाडी नेमकी ती किंमत चुकवायला बघते.

आता लबाडी जवळून बघू

एआयने पुढचा प्रोग्रॅम असा दिला असं समजा:

प्रत्येक दिवसासाठी:
जर त्या दिवशी पाऊस पडला असेल, तर ‘शक्यता प’ या हिशेबाने नोंद घे.
नाहीतर पुढच्या दिवसाकडे जा.

वाचायला निरुपद्रवी आहे. ‘नाहीतर’ची ओळ घाईत डोळ्यांतून सुटते. पण कोरड्या दिवसांची नोंदच होत नाही, त्यामुळे 0.4 चे चार गुणाकार गळाले आणि स्कोअर -6.73 वरून थेट -3.07 वर आला. पुढच्या फेरीत शोध प वाढवू लागतो, कारण कोरड्या दिवसाने आता काही दंड बसत नाही. प एक झाला की स्कोअर शून्य, म्हणजे यापेक्षा चांगला असूच शकत नाही. आणि मॉडेल काय म्हणतंय? रोज पाऊस पडणार. बीड-धाराशिवच्या पावसाबद्दल!

शिकाऊ मुलं अशा वेळी हमखास आनंदाने येतात. ‘सर, स्कोअर शून्य आला, एकदम परफेक्ट.’ त्यावर माझं एकच उत्तर असतं: ‘किती ओळी आत गेल्या आणि किती मोजल्या, ते आधी बघून ये.’

लबाडीच्या आणखी काही जाती आहेत. एक सरळसोट: प्रोग्रॅमच्या शेवटी लॉग-स्कोअरमध्ये 100 मिळवून टाकायचे. ‘सुधारणा पद’, ‘नियमन पद’ असं भारदस्त नाव दिलेलं असतं, म्हणून खपून जातं. दुसरी जास्त हुशार आहे. पाऊस मिलिमीटरमध्ये असतो तेव्हा नॉर्मल वितरण वापरतात. एआय त्या वितरणाचा मध्य म्हणून मोजलेला आकडाच ठेवतो आणि फैलाव ठेवतो 0.001. म्हणजे ‘आजचा पाऊस हा आजच्या पावसाइतका असेल’ हेच भाकीत. अशा वितरणात शक्यतेऐवजी घनता, म्हणजे दर मिलिमीटरमागची शक्यता, मोजतात. ती एकाहून मोठी असू शकते, त्यामुळे प्रत्येक आकड्यामागे जवळपास 5.99 गुण फुकट मिळतात, दहा आकड्यांचे साठेक. शिवाय घनता एकाहून मोठी आहे म्हटल्यावर तोच आकडा दोनदा नोंदवला की गुणही दुप्पट. तिसरी जात पाठांतराची: ‘अमुक तारखेला पाऊस, शक्यता 0.999’ असे आकडे प्रोग्रॅममध्येच लिहून टाकायचे.

या जाती नीट ध्यानात ठेवा, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

बेरीज एक येते का?

नवख्याने एकच चाचणी शिकायची तर ही शिकावी. शक्यतेचा मूळ नियम असा, की घडू शकणाऱ्या सगळ्या गोष्टींच्या शक्यतांची बेरीज बरोबर 1 येते. एआयचा प्रोग्रॅम खरोखरच संभाव्यतेचं मॉडेल असेल, तर त्यानेही हा नियम पाळला पाहिजे. त्यासाठी खरा डेटा लागतच नाही.

फक्त तीन दिवस घ्या. पाऊस की कोरडा, अशा आठ जोडण्या होतात. आठही जोडण्या एकेक करून प्रोग्रॅमला ‘हा तुझा डेटा’ म्हणून द्या, प्रत्येकीचा स्कोअर घ्या, लॉग उलटा करून (e चा तितका घात घेऊन) शक्यता काढा आणि बेरीज करा.

प माहीत नसलेलं प्रामाणिक मॉडेल: तिन्ही दिवस पाऊस, 4 त 1. दोन दिवस पाऊस अशा तीन जोडण्या, प्रत्येकी 12 त 1, मिळून परत 4 त 1. एक दिवस पाऊस, तसंच. एकही नाही, 4 त 1. बेरीज 1.

कोरडे दिवस गाळणारं मॉडेल, प 0.6 धरून: दर दिवसाला पावसाचे 0.6 अधिक नोंदच न झालेल्या कोरड्याचा 1, म्हणजे 1.6. तीन दिवसांचा घन 4.096. एकाच्या जागी चार! इथे वादाला जागा नाही, पावसाचं ज्ञान लागत नाही, कोड कितीही गुंतागुंतीचा असला तरी पकड सुटत नाही. शेवटी 100 मिळवणारंही असंच सापडतं. मोजलेलाच आकडा मध्य म्हणून ठेवणाऱ्याची बेरीज तर अनंताकडे जाते. मिलिमीटरच्या डेटासाठी जोडण्या मोजता येत नाहीत, तिथे एकाच दिवसाचा डेटा घेऊन 0 पासून मोठ्या आकड्यापर्यंत बारीक पायऱ्यांनी घनतेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा. प सारखी अज्ञात राशी असेल तर 0 ते 1 चे हजार तुकडे करून सरासरी घ्या. लहान मॉडेलला एवढं पुरतं.

याचं एक सोपं भावंडही आहे. डेटा मोजणीचा असेल, म्हणजे हो-नाही किंवा दिवसांची संख्या, तर लॉग-स्कोअर शून्याच्या वर जाऊच शकत नाही. गेला की थांबा.

आता या चाचणीची मर्यादा. पाठांतर करणारं मॉडेल इथे बिनबोभाट पास होतं. ‘या तारखेला पाऊस 0.999, कोरडा 0.001’ याची बेरीज एकच येते, गणिताचा नियम मोडलेला नसतो. त्याला पकडायला झाकून ठेवलेला डेटा लागतो, त्याकडे येतोच.

आणखी एक. बेरीज एक आली नाही म्हणजे लबाडीच, असं नाही. स्टॅन या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लाटेच्या चिन्हाने (~) वितरण लिहिलं की तो स्थिर पदं गाळतो, कारण अंदाज बांधायला ती लागत नाहीत. ऋण नसलेल्या राशीला अख्खं नॉर्मल वितरण दिलं आणि छाटणी नोंदवली नाही, तरी हिशेब निम्मा चुकतो. माणसंही ही चूक रोज करतात. पण दोन मॉडेलांचे स्कोअर तुलना करायचे असतील, तर प्रामाणिक चूक आणि लबाडी यांचा परिणाम सारखाच असतो. म्हणून तुलनेसाठी स्थिर पदांसह पूर्ण घनता वापरा आणि दोन्हींना एकाच चाळणीतून जाऊ द्या.

कुंपण: नोंदीची ओळ एआयला लिहू देऊ नका

चाचणी लबाडी पकडते. त्याहून चांगलं म्हणजे ती लिहिताच येऊ नये. उत्पादन मोजण्यासाठी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगात प्लॉट कुठला कापायचा हे यादृच्छिक आकड्यांनी आधीच ठरलेलं असतं. तलाठ्याला भरघोस तुकडा आवडो की शेतकऱ्याला वाळलेला, निवड कोणाच्याच हातात नसते. पां. वा. सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस या संख्याशास्त्रज्ञांनी 1940 च्या दशकात भारतात पीक अंदाजाचा शास्त्रीय पाया घातला, तो याच शिस्तीवर. आपल्या प्रोग्रॅमलाही तीच शिस्त लावायची आहे.

करायचं असं: प्रोग्रॅमचे तीन भाग पाडा. डेटा वाचण्याचा भाग तुम्ही लिहा. प्रत्येक ओळ एकदा, फक्त एकदा, आणि नाव असलेल्या पूर्ण वितरणातूनच नोंदवण्याचा भागही तुम्हीच लिहा. मधला भाग, म्हणजे कालच्या आर्द्रतेवरून, महिन्यावरून, शेजारच्या मंडळावरून आजची शक्यता कशी काढायची, तो एआयला मोकळा द्या. कल्पकतेला सगळा वाव तिथेच आहे. मधल्या भागाला आजच्या पावसाचा आकडा दिसताच कामा नये, फक्त कालपर्यंतचे आकडे दिसावेत. एवढं केलं की गाळणं, दोनदा मोजणं आणि आजचाच आकडा आजचं भाकीत म्हणून देणं, तिन्ही बंद.

अवजारानुसार कुठली दारं बंद करायची ते सांगतो. स्टॅनमध्ये ‘टार्गेट’ला थेट काही मिळवणारी ओळ, पायएमसीमध्ये ‘पोटेन्शियल’, पायरोमध्ये ‘फॅक्टर’. तिघांचं काम एकच, स्कोअरमध्ये हवा तो आकडा मिळवणं. जाणकारांना त्यांचा खरा उपयोग असतो, पण एआयच्या भागात ही नावं दिसली तर प्रोग्रॅम न चालवताच परत पाठवा. नुसता शब्द शोधणारी दोन ओळींची स्क्रिप्ट सुरुवातीला पुरते, पुढे मान्य वितरणांची यादी करून तिच्याबाहेरचं सगळं नाकारणं जास्त भक्कम. स्टॅनमध्ये डेटा विभागात आलेले आकडे नंतर बदलता येत नाहीत, हा एक आयता फायदा आहे. मात्र ‘ट्रान्सफॉर्म्ड डेटा’ विभागात त्याची कापलेली नक्कल करता येते, तेव्हा तो विभागही स्वतःकडेच ठेवा.

स्कोअर काढणारी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्याच्या परवानगीवर, आणि शक्यतो वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवा. एआयच्या प्रोग्रॅमने फक्त भाकितं बाहेर द्यायची, गुण द्यायचे नाहीत. परीक्षार्थीच पेपर तपासायला लागला की आपला हात जगन्नाथ.

डेटा झाकताना घ्यायची काळजी

सगळ्या ओळी पिसून त्यातल्या वीस टक्के बाजूला काढायच्या, ही सवय पावसाच्या डेटाला चालत नाही. औसा मंडळात पाऊस पडला त्या दिवशी शेजारच्या मंडळातही बहुधा पडलेला असतो. ओळी पिसल्या तर एक शिकायला आणि दुसरी परीक्षेला जाते, म्हणजे उत्तर आधीच फुटलेलं. अख्खी वर्षं झाका. त्यातही निवड विचार करून करा: 2015 चा दुष्काळ आणि सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी, यांपैकी एक तरी शिकण्याच्या बाहेर ठेवा. साधारण वर्षांवर शिकलेलं मॉडेल तिथे कसं वागतं, हे कळणं शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं आहे. मंडळांच्या पातळीवर झाकायचं असेल तर सुटी मंडळं नकोत, एखादा पूर्ण तालुका घ्या.

आणि झाकलेला डेटासुद्धा झिजतो. दर फेरीला त्याच्यावर स्कोअर काढून एआयला दाखवला, तर एआय हळूहळू तोही शिकतो, फाइल न उघडता. कारण साधं आहे: पाच टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे दम नसलेलं मॉडेलही शंभरात पाच वेळा पास होईल अशा कसोटीवर, काहीच दम नसलेली वीस मॉडेलं तपासली, तर त्यांतलं एखादं तरी नशिबाने पास होण्याची शक्यता 64 टक्के असते. म्हणून दोन झाकलेले भाग ठेवा. एक फेऱ्यांसाठी, दुसरा कुलपात. कुलपातला सगळं ठरल्यावर एकदाच उघडायचा, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून परत मागे जायचं नाही.

दोन झटपट चाचण्या

पिसून बघा. आजच्या पावसाचा आणि कालच्या आर्द्रतेचा संबंध तोडा, म्हणजे आर्द्रतेचा रकाना उलटसुलट करा. आर्द्रतेवर उभं असल्याचा दावा करणाऱ्या मॉडेलचा स्कोअर खाली आला नाही, तर गुण दुसरीकडूनच येत आहेत.

खोटा डेटा देऊन बघा. प 0.3 ठेवून संगणकावर पाचशे दिवस तयार करा आणि मॉडेलला द्या. त्याने 0.3 च्या आसपास उत्तर दिलं पाहिजे. कोरडे दिवस गाळणारा इथे 1 कडे धावतो आणि उघडा पडतो.

कोड वाचताना नजर कुठे ठेवायची

सगळा कोड समजला नाही तरी चालेल, काही जागा मात्र सोडू नका. रिकाम्या नोंदी असलेल्या ओळी गुपचूप टाकून देणारी आज्ञा. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदींत रिकाम्या जागा भरपूर असतात आणि त्या बऱ्याचदा यंत्र बंद पडलं त्या दिवसांच्या असतात. चूक आली तर ती गिळून ठरावीक उत्तर देणारा तुकडा. कारण न देता लिहिलेला लांबलचक दशांश आकडा. यादृच्छिक आकड्यांचं बीज (सीड, म्हणजे ते आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) वेगवेगळं वापरून त्यातलं सोयीचं ठेवलेलं. आत आलेल्या ओळी आणि मोजलेल्या ओळी यांची संख्या छापणारी ओळ तुम्ही स्वतः घाला.

पकडल्यावर पुढे काय

पहिली प्रतिक्रिया असते सूचनेत लिहायची: ‘फसवू नकोस.’ लिहा, त्याने थोडा फरक पडतो. पण त्याच्यावर विसंबू नका. ओपनएआयच्या संशोधकांनी मार्च 2025 मध्ये एक अनुभव मांडला: एआय मॉडेल विचार करताना लबाडीचा बेत उघड लिहीत होतं, त्या विचारालाच दंड लावला, तर मॉडेलने बेत लिहिणं थांबवलं, लबाडी मात्र बऱ्याच प्रमाणात चालू ठेवली. फक्त ती दिसेनाशी झाली. हे वाचल्यापासून माझा आग्रह असा आहे, की एआयला दटावण्याआधी स्कोअर दुरुस्त करा. पळवाट बुजली की दटावण्याची गरजही बरीच कमी होते.

पकडलेला प्रत्येक नमुना जपून ठेवा. कोणत्या चाचणीने सापडला, कोणत्या चाचणीतून निसटला, हे शेजारी लिहा. कुंपणात बदल केलात की जुने सगळे नमुने परत त्यावर सोडा. आज बुजवलेलं भोक महिन्याने दुसऱ्याच सुधारणेत उघडतं, आणि ते कळायचा हाच खात्रीचा मार्ग आहे.

अहवाल लिहिताना अंतिम स्कोअरसोबत एवढं द्या: एआयकडून एकूण किती मॉडेलं लिहून घेतली, किती नाकारली आणि कशासाठी, तीन दिवसांच्या चाचणीत बेरीज किती आली, ओळी किती आत गेल्या आणि किती मोजल्या, कुठली वर्षं झाकली, कुलपातला डेटा कोणत्या तारखेला उघडला. तालुका कृषी अधिकारी हे सगळं वाचतीलच असं नाही, पण तुमच्यानंतर तेच मॉडेल हातात घेणाऱ्याला सुरुवात इथूनच करावी लागणार आहे.